सरांनी न वाचलेली दोन पुस्तकं

दोन पुस्तकं वाचायची होती आणि ती आपण न वाचता बायकोला वाचायला द्यावीत, असं सरांनी ठरवलं. एवढंच ठरवलं. यात माणूस बुडावा असं काही दिसतं का? पण सर बुडाले. बरं, एकटे गुपचूप बुडावं की नाही, तर अख्खं कॉलेज गळ्याला बांधून बुडाले.

झालं असं की कॉलेजात नव्या प्राचार्यबाई आल्या. नवीन माणूस खुर्चीवर आला की काहीतरी नवीन काढतोच. आधीच्या साहेबांनी कुंड्या आणल्या होत्या, त्यांच्या आधीच्यांनी भिंतीभिंतीवर घड्याळं लावली होती. कुंड्या वाळल्या, घड्याळं बंद पडली, कोणाला काही त्रास झाला नाही. या बाईंनी वाचन काढलं.

स्टाफरूममध्ये सगळ्यांना उभं करून (खुर्च्या पुरत नव्हत्या) त्यांनी सांगितलं की, शिकवणाऱ्याने स्वतः वाचू नये ही शरमेची गोष्ट आहे. तेव्हा आता दर शनिवारी एकेकाने पुढे यायचं आणि सांगायचं, अलीकडे शिकवण्यावरचं कोणतं पुस्तक वाचलं आणि निव्वळ आनंदासाठी कोणतं. नुसतं सांगून भागणार नाही. पुस्तकातलं काय काय वर्गात वापरणार तेही सांगायचं. आणि ज्याला वाचायला वेळ नसेल, त्याने तसं मोकळेपणाने कळवावं, त्याला परीक्षा विभाग देण्यात येईल. तिथे वाचण्यासारखं पुष्कळ असतं.

हे ऐकून स्टाफरूममध्ये कोणीतरी हातातला कप खाली ठेवला, तेवढाच आवाज झाला.

परीक्षा विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. तिला खिडकी नाही. छतापर्यंत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, सुतळीचे तुकडे, जळलेल्या लाखेचा वास. गणिताचे सर तिथे गेले तेव्हा त्यांच्या डोक्यावर दाट काळे केस होते आणि ते गाणी गुणगुणायचे. आता त्यांना कोणी 'काय सर, बरे आहात ना' विचारलं, तरी ते आधी मागे वळून कुलूप ओढून बघतात. त्या खोलीत जाणारा माणूस सकाळी अंधार असताना जातो आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर येतो. सुट्ट्या नाहीत, रविवार नाही. निकाल चुकला की मुलं त्याच्या नावाने ओरडतात आणि बरोबर लागला तर त्याचं नावही कोणाला माहीत नसतं.

आपले सर भूगोल शिकवायचे. शिकवून शिकवून त्यांचा घसा बसला होता, खांदे उतरले होते, आणि जगातल्या सगळ्या नद्या आपल्याच अंगावरून वाहून गेल्यात असा त्यांचा चेहरा झाला होता. एके काळी ते वाचायचे म्हणे. (लग्नाआधी. बायकोने पाहिलेलं नाही.) पण तीच चूक पेपरामागून पेपरात वाचल्यावर माणसाची छापील अक्षरावरची वासना उडते. आता हातात कागद आला की सरांचा उजवा हात आपोआप लाल पेन शोधायचा आणि पापण्या आपोआप खाली यायच्या.

तरी ते लायब्ररीत गेले. ग्रंथपालाने स्वतःची किडनी काढून द्यावी तसं एक पुस्तक काढून दिलं. शिकवण्यावरचं तेवढं एकच होतं. करडं कव्हर, विटेसारखं जाड, बारीक अक्षर, आणि पानापानावर चौकोन नि बाण. सर ते पलंगावर घेऊन बसले. बसले ते आडवे झाले, आडवे झाले ते घोरायला लागले. उठले तेव्हा गालावर एका बाणाचा छाप होता. त्या पुस्तकाचा सरांवर झालेला परिणाम म्हणाल तर एवढाच.

मग त्यांना ती कल्पना सुचली.

सरांची बायको वाचायची. शाळा चौथीपर्यंत, पण वाचनाची भूक अशी की भाजी बांधून आलेला कागदही ती आधी वाचायची आणि मग फेकायची. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून तिचं पुस्तक कधी चुकलं नाही. दुपारी घर रिकामं झालं की ती स्टुलावर पाय टाकून बसायची. त्या वेळात दाराची घंटा वाजली, तर वाजवणाऱ्याचं बोट दुखेपर्यंत ती उठायची नाही. सध्या तिच्या हातात एक कादंबरी होती. त्यात एक दरोडेखोर होता. तो मास्तर असल्याची बतावणी करून एका श्रीमंताच्या वाड्यासारख्या घरात शिरतो, दोन मुलांची शिकवणी धरतो, आणि त्याचा डोळा असतो मुलांच्या आजीच्या तिजोरीवर. तर हे सगळं बायकोला माहीत होतं. सरांना नव्हतं. कारण ते बायकोला 'काय वाचतेस' असं कधी विचारायचे नाहीत, 'जेवायला काय आहे' असं विचारायचे.

सरांनी हात जोडायचेच बाकी ठेवून तिला गळ घातली. दोन्ही पुस्तकं तू वाच आणि मला सांग. तुझी कादंबरी तर तू वाचतेच आहेस, ती आनंदाची म्हणून चालेल. हे करडं तेवढं जास्तीचं.

"म्हणजे डोळे मी फोडायचे आणि टाळ्या तुम्ही घ्यायच्या," बायको म्हणाली.

सर म्हणाले की टाळ्यांचं नाही गं, जिन्याखालची खोली चुकवायची आहे. मग मात्र तिने करडं पुस्तक हातात घेऊन चाळलं. परीक्षेच्या दिवसांत हा माणूस पिळून टाकलेल्या फडक्यासारखा घरी येतो, हे तिने बघितलं होतं. वर्षभर असं फडकं घरात वाळत घालायची तिचीही तयारी नव्हती. तिने एक अट घातली. तिचा दुपारचा वेळ या करड्या विटेवर जाणार, तर घरातली सगळी इस्त्री सर करणार. आणि संध्याकाळी ते इस्त्री करत असताना ती पाय वर घेऊन सांगणार. सरांनी कबूल केलं. (शर्टाला मागे पाठ असते आणि तीही इस्त्री करावी लागते, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.)

आता बायकोची वाचायची पद्धत सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. करडं पुस्तक दोन-तीन पानं वाचलं की तिचा डोळा लागायचा. मग झोप उडवायला ती कादंबरीचं एक प्रकरण वाचायची. पुन्हा करडं, पुन्हा कादंबरी. आणि सांगतानाही ती तसंच सांगायची, कोणतं कशातलं हे न बोलता. करड्या पुस्तकात मास्तर होताच, कादंबरीतही मास्तर होता. ती नुसतं 'तो' म्हणायची. शेजारणींच्या भानगडी सांगतानाही ती 'ती' एवढंच म्हणते आणि समोरच्याने ओळखायचं असतं. शेजारणी ओळखतात. सर कॉलरच्या टोकाशी झगडत होते.

"तो पहिले कितीतरी दिवस शिकवतच नाही काही," बायकोने सुरुवात केली.

"मग करतो काय?"

"दाराजवळ बसतो. कोण कधी येतं, कोण जातं, कोण डुलक्या काढतं, सगळं डोक्यात ठेवतो. घाई म्हणून करत नाही. आधी माणसं ओळखायची, मग कामाला हात घालायचा, असं त्याचं आहे."

"वा," सर म्हणाले. त्यांना मनापासून पटलं. तेवढ्यात शर्टाची बाही करपली.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की, घरात जो सगळ्यांत कच्चा असेल त्याला तो हेरतो, गोळ्याबिळ्या देतो, आणि त्याच्याकडून बाकीच्यांचं सगळं काढून घेतो. सरांनी 'घरात'च्या जागी मनातल्या मनात 'वर्गात' केलं. आणि एकच युक्ती तो दोनदा वापरत नाही, दाराकडे पाठ करत नाही, हेही त्यांनी लक्षात ठेवलं. मग मध्येच ती कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, आणि एकीकडे ते चौघाचौघांचे गोल चाललेत. चार माणसं गोल बसतात. मग दुसरी चार बसतात. सगळ्यांना चिठ्ठ्या वाटतात, काय कळलं नाही ते लिहा म्हणून. पानंच्या पानं तेच.

सरांनी विचारलं, पुढे काय होतं?

"पुढे काही होत नाही. चिठ्ठ्या गोळा करतात."

सरांनी यावर विचार केला. चादर घडी करता करता त्यांनी मनाशी वाटणी करून टाकली. जे कामाचं, ते शिकवण्याच्या पुस्तकातलं. जे बिनकामाचं आणि ज्यात काही होत नाही, ती कादंबरी. हल्लीच्या कादंबऱ्यांत काही होत नाही असं त्यांनी मराठीच्या सरांकडून ऐकलं होतं. आयुष्यभर वर्गीकरण शिकवलेला माणूस. चुकेल कसा?

शनिवार आला. सर उठून उभे राहिले. बोलायला लागले आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं घसा खरवडून कोणी ऐकलं नव्हतं. आज स्वेटर विणणाऱ्या इतिहासाच्या बाईंनीही सुया थांबवल्या.

"खरा शिक्षक आधी शिकवत नाही," सर म्हणाले. "तो दाराजवळ बसतो आणि बघतो. कच्चा कोण ते हेरतो. त्याला विश्वासात घेतो. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असा प्रश्न विचारतो आणि समोरच्याचे डोळे वाचतो. आणि काम झालं की असा निघून जातो, की मागच्यांना वाटावं, तो अजून आहे."

प्राचार्यबाईंनी शेवटचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं.

मग आनंदासाठीचं वाचन. सरांनी सांगितलं की त्यांनी एक कादंबरी वाचली, जिच्यात चार माणसं गोल बसतात, मग दुसरी चार बसतात, सगळे चिठ्ठ्यांवर आपल्याला काय कळलं नाही ते लिहितात, आणि चिठ्ठ्या गोळा होतात. मराठीच्या सरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, माणसाच्या एकटेपणावर इतकं धीट कोणी लिहिलं नव्हतं. त्यांनी शेवट काय होतो म्हणून विचारलं. सर म्हणाले, शेवट नाही, शेवटी एक तक्ता आहे. (हे खरं होतं. बायकोने शेवटचं पान बघून सांगितलं होतं.)

जिन्याखालची खोली टळली, असं वाटून सर घरी आले आणि त्या दिवशी न सांगता पडद्यांनाही इस्त्री केली. पण सोमवारी प्राचार्यबाईंचं फर्मान निघालं. महिन्याअखेर तपासणी समिती कॉलेज बघायला येणार आहे, तोवर दाराजवळची पद्धत सगळ्या वर्गांत सुरू करावी, आणि समितीला नमुना म्हणून भूगोलाचा तास दाखवण्यात येईल. जे पुस्तकात तपासून बघू म्हणाले, त्यांना ग्रंथपालाने सांगितलं की एकच प्रत आहे आणि ती सरांकडे आहे. आणि ती प्रत तेव्हा बायकोच्या पायांखाली होती, कारण स्टूल जरा बुटकं पडत होतं.

तर सर दाराजवळ बसायला लागले.

पहिल्या दिवशी मुलं खूश झाली. दुसऱ्या दिवशी चुळबुळ सुरू झाली. तासाची घंटा होते, सर येतात, हजेरी घेतात, खुर्ची ओढून दाराशी बसतात आणि एकेकाकडे बघत राहतात. बोलत नाहीत. मागच्या बाकावरच्या कच्च्या मुलांना त्यांनी गोळ्या दिल्या. मुलांनी त्या घेतल्या, एकमेकांकडे बघितलं, आणि त्यातला एक हळूच म्हणाला, "सर, घरी सगळं बरं आहे ना?"

आणि एकटे सरच नव्हे. रसायनशास्त्राच्या बाई दाराशी, इतिहासाच्या बाई दाराशी, व्यायामाचे सर तर मैदानाला दार नाही म्हणून फाटकाशी. सगळ्या मजल्यांवर, सगळ्या दारांत एकेक मास्तर गप्प बसलेला आणि बारीक नजरेने बघतोय. मुलांनी काय समजायचं? त्यांनी समजूत करून घेतली की कॉलेजात मोठी चोरी झालीय आणि चोर सापडेपर्यंत पहारा आहे. मुली पिशव्या मांडीवर घेऊन बसायला लागल्या. कँटीनवाल्याने चमचे मोजून द्यायला सुरुवात केली. एका मुलाच्या वडिलांनी फोन करून विचारलं, नक्की काय गेलंय. कारकुनाने सांगितलं, तसं काही नाही, नवीन शिक्षणपद्धत आहे. वडील म्हणाले, लपवू नका.

सरांचं मात्र वेगळंच चाललं होतं. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. दिवसभर बोलायचं नाही, खडूची धूळ नाही, नद्या नाहीत, पर्वत नाहीत. घसा मोकळा झाला. संध्याकाळी जिना चढताना मध्ये थांबावं लागेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस दमल्याशिवाय घरी येत होता, आणि येऊन उशांच्या खोळींना इस्त्री करत शीळ घालत होता. बायकोने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

अशात तिची कादंबरी संपली.

"झालं एकदाचं," ती पुस्तक मिटून म्हणाली. "गेला मास्तर."

"कुठे गेला?"

"पळाला. म्हातारीची तिजोरी धुऊन घेतली आणि मागच्या दाराने पसार."

सरांनी इस्त्री उभी केली. "कोण पळालं?"

"सांगितलं ना, मास्तर."

"तो शिक्षणतज्ज्ञ?"

"कसला तज्ज्ञ. चोर आहे तो. पहिल्या पानापासून चोर आहे."

"दाराजवळ बसायचा तो?"

"मग चोराने काय गच्चीत बसायचं? दाराजवळ बसल्याशिवाय त्याला घरातलं येणंजाणं कसं कळणार?"

"आणि ते चौघांचे गोल? चिठ्ठ्या?" सरांचा आवाज आता इतका बारीक झाला होता की तिला पुढे वाकावं लागलं.

"ते तुमचं करडं."

सर मागे सरकले आणि नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांच्या ढिगावर मटकन बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. शनिवारचं भाषण, दारादारातले मास्तर, गोळ्या, मांडीवरच्या पिशव्या, येणारी समिती. ऐकता ऐकता बायकोने आधी तोंडाला पदर लावला, मग उशी लावली, मग भिंत धरली. पुष्कळ दिवसांत ती एवढी हसली नव्हती. हसणं ओसरलं तेव्हा तिला नवऱ्याचं तोंड दिसलं, आणि उरलेलं हसू तिने गिळलं.

सर म्हणाले की कोणतं कुठल्या पुस्तकातलं हे सांगायला तुला काय झालं होतं. ती म्हणाली, पुस्तकं दोन, तोंड एक, कान मात्र तुम्हाला दोन दिलेत, ते कुठे ठेवले होते? सर म्हणाले, कॉलरमध्ये. ती म्हणाली, मी माझ्या दुपारी त्या विटेवर घालवल्या, तुम्ही नुसतं ऐकायचं होतं. आणि हेही खरं की ती वीट तिने निम्म्याहून जास्त वाचली होती, पेंगत का होईना. नवऱ्यासाठी बायका काय काय करतात, पण चौकोन आणि बाण वाचणारी विरळाच.

"सरळ जाऊन बाईंना सांगा," ती म्हणाली.

"जिन्याखाली टाकतील."

"मग मी येऊन सांगू?"

सर दुसऱ्या दिवशी सकाळीच प्राचार्यबाईंकडे गेले. (ती खरंच आली असती.)

बाईंच्या खोलीत रंगाचा वास येत होता. समितीसाठी भिंती रंगवणं चालू होतं. वाळलेल्या कुंड्या हलवा म्हणून बाई एकाला ओरडत होत्या, दुसऱ्याला घड्याळांना सेल घाला म्हणून. सरांनी जागच्या जागी दोनदा घसा साफ केला आणि म्हणाले की ते शिकवण्याचं पुस्तक मी वाचलेलं नाही. बाई थांबल्या. त्यांनी सरांकडे अशा नजरेने बघितलं की सरांना लाखेचा वास आला. पण बाई म्हणाल्या की इतक्या वर्षांच्या नोकरीत, न वाचता वाचलं म्हणणारे त्यांनी ढिगाने बघितले. इतकं वाचून, पचवून, वर 'मी वाचलं नाही' म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला. सर 'नाही हो बाई, खरंच' म्हणत राहिले. जितकं म्हणत गेले तितक्या बाई गहिवरत गेल्या. शेवटी शिडीवरून रंगाचा डबा कलंडला आणि बाई तिकडे धावल्या.

समिती आली. तिघं होते. अध्यक्षांचे गुडघे दुखत होते, त्यामुळे खुर्ची मिळेल त्या खोलीवर ते खूश होते. एक बाई प्रत्येक खोलीत शिरून आधी दिव्याची बटणं दाबून बघत होत्या. तिसरे गृहस्थ काही बोलत नव्हते, बिस्किटं खात होते.

भूगोलाच्या वर्गात सर दाराशी बसले. काय करणार? पद्धत दाखवायची होती, दुसरं काही त्यांच्या हातात उरलं नव्हतं. शिकवायला उठावं तर बाईंचं नाक कापलं जाणार, न उठावं तर समिती विचारणार की या माणसाला इथे ठेवलंय कशाला. दोन्ही वाटा त्या एकाच जिन्याखाली जात होत्या. सरांनी डोळे मिटून घेतले.

त्यांनी डोळे उघडले ते खडूच्या आवाजाने. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी फळ्यापाशी उभी राहून समुद्रप्रवाह काढत होती. त्याचं असं झालं होतं की परीक्षा आली तोंडावर आणि सरांना तर काहीतरी झालेलं. मुलं घाबरली. सर बरे होतील तेव्हा होतील, म्हणून त्यांनी धडे आपसात वाटून घेतले होते आणि सर गप्प बसले की त्याच तासाला ते एकमेकांना शिकवायचे. सरांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण आराम वाटत होता, आणि आराम वाटत असताना माणूस फार चौकशा करत नाही.

चष्मेवालीने बाण काढला. मागच्या बाकावरून गोळ्या खाणाऱ्यांपैकी एक उठला आणि म्हणाला, उलटा आहे. ती म्हणाली, सुलटा आहे. तो नकाशा घेऊन आला. दोघं-तिघं पुस्तकं उघडून उभे राहिले. कोणी म्हणालं, गरम पाणी तिकडून कसं येईल, डोकं आहे का. वर्ग भांडायला लागला, आणि ते सगळं भांडण समुद्राच्या पाण्याचं होतं. बटणंवाल्या बाई बटणं विसरल्या. तिसऱ्या गृहस्थांच्या हातात बिस्किट तसंच राहिलं.

सरांना राहवेना. बाण खरंच उलटा होता. ते उठले, फळ्याकडे निघाले, आणि म्हणायला लागले की हे बघा, पृथ्वी फिरते त्यामुळे...

"सर, तुम्ही बसा ना," चष्मेवाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आजोबांना सांगतात तसं सांगितलं तिने. "आमचं होतंय."

सर बसले.

अध्यक्ष गुडघा चोळत त्यांच्याजवळ आले आणि विचारलं की या वर्गात तुम्ही नेमकं काय करता.

"खरं सांगू का," सर म्हणाले, "काही नाही."

अध्यक्षांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला.

आठवड्याने प्राचार्यबाईंनी सरांना बोलावलं. टेबलावर समितीचा अहवाल होता आणि बाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. कॉलेजला सगळ्यांत वरची श्रेणी मिळाली होती. बाईंनी सरांना बसवलं, चहा मागवला, आणि भूगोलाच्या वर्गावर लिहिलेलं वाचून दाखवलं. असा वर्ग आम्ही कुठे बघितला नाही. विद्यार्थी पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभे आहेत. या वर्गाला आता शिक्षकाची गरज राहिलेली नाही.

सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. टळली, ते मनात म्हणाले. सुटलो.

बाईंनी अहवाल मिटला. त्या म्हणाल्या की गणिताच्या सरांना डॉक्टरांनी खिडकी असलेल्या खोलीत बसायला सांगितलंय. ती जागा रिकामी झाली, तेव्हा त्या मोठ्या काळजीत पडल्या होत्या. प्रत्येकाच्या मागे तास आहेत, वर्ग आहेत, कोणाला म्हणून काढायचं?

"पण आता प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या. "अख्ख्या कॉलेजात पूर्ण वेळ मोकळा माणूस तुम्ही एकटेच आहात." आणि त्यांनी जिन्याखालच्या खोलीची किल्ली सरांपुढे सरकवली.

संध्याकाळी सर घरी आले ते पिळलेल्या फडक्यासारखेच. दाराशी चपला काढता काढता त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. वर्गाला त्यांची गरज नाही असं लिहिलंय, तेही सांगितलं. मुलं आपली आपण चालवतात, आपण नसलो तरी काही अडत नाही, असं तीन जाणत्या माणसांनी सही करून दिलंय.

बायको नवीन पुस्तक वाचत होती. तिने पान उलटलं, पुढच्या पानावर बोट ठेवलं, आणि वर न बघता विचारलं,

"ती समिती घरं बघायला पण येते का हो?"